आमिश लोकांची पंगत

(महोत्सवापूर्वीं भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत आमच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशींचें जेवण कोणीं रांधावें, हा प्रश्न गेले तीन आठवडे धर्मग्राम समितीपुढें पडून आहे. कंत्राटदारास दिलें म्हणजे कोणालाच त्रास नाहीं, असें एक मत. आपलें आपण करावें, असें दुसरें. दोन्ही बाजूंचें आम्हीं ऐकून घेतलें आहे. त्यावर बोलण्यापूर्वीं, जेवण ह्या गोष्टीचा फार गंभीरपणें विचार करणाऱ्या एका समाजाची हकीकत आपणांपुढें ठेवावी, असें आम्हीं योजिलें आहे. हे लोक कॅथलिक नाहींत. इतकेंच नव्हे, तर त्यांच्या पूर्वजांचा आणि आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध एके काळीं फार दुःखाचा होता. तेंही आम्ही सांगूं. तें गाळून त्यांच्या ताटांतल्या पदार्थांचें वर्णन करणें म्हणजे यजमानाचें नांवही न विचारतां जेवून उठण्यासारखें होईल.

ह्या लोकांस आमिश म्हणतात. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया, ओहायओ व इंडियाना ह्या राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. इतर राज्यांत व कॅनडांतही ते आहेत. त्यांची एकंदर संख्या आज चार लाखांच्या आसपास आहे. घरांत ते एक जुनी जर्मन बोली बोलतात आणि पवित्र शास्त्र जर्मन भाषेंत वाचतात. घोडागाडींतून प्रवास, साधा पोशाख, लग्न झालेल्या पुरुषास दाढी पण मिशी नाहीं, अशा बाहेरच्या खुणांवरून जग त्यांस ओळखतें व त्यांचीं छायाचित्रें काढावयास धांवतें. ही गोष्ट त्यांस मुळींच आवडत नाहीं.

सेमिनरींत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकतांना ह्या पंथाची ओळख आम्हांस एका परिच्छेदांत झाली, आणि त्या परिच्छेदांत त्यांच्या चुकाच तेवढ्या होत्या. इ. स. १५२५ च्या जानेवारी महिन्यांत स्वित्झर्लंडांतील झूरिक शहरीं कांहीं मंडळींनीं, बाळपणीं झालेला बाप्तिस्मा खरा नव्हे असें ठरवून, प्रौढपणीं एकमेकांस पुन्हां बाप्तिस्मा दिला. बाप्तिस्मा पुन्हां देतां येत नाहीं, ही आपली शिकवण आहे, व ती आम्ही येथें सैल करीत नाहीं. परंतु शिकवण खरी असली म्हणून तिच्या नांवानें केलेलें सर्व कांहीं खरें ठरत नाहीं. मायकेल झाटलर हा जर्मनींतील काळ्या अरण्यांतल्या सेंट पीटर मठाचा बेनेडिक्टाईन उपमठाधिपति. तो मठ सोडून ह्या लोकांत गेला. १५२७ च्या मे महिन्यांत रोटेनबुर्ग येथें कॅथलिक राजसत्तेनें त्याची जीभ कापून त्याला जाळिलें, आणि मागाहून त्याच्या पत्नीस नदींत बुडविलें. प्रॉटेस्टंट झूरिकनेंही त्याच वर्षीं फेलिक्स मान्झ यास पाण्यांत बुडवून मारिलें. दोन्हीकडून मार खाल्लेले हे लोक डोंगरकपारींत व दूरच्या शेतवाड्यांत जाऊन राहिले. सत्याच्या सेवेच्या नांवाखालीं ख्रिस्तजनांनीं केलेल्या हिंसेबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १२ मार्च २००० रोजीं रोम येथील सेंट पीटर मंदिरांत उघडपणें क्षमा मागितली, हें आपणांस स्मरत असेल.

आतां पंगतीची गोष्ट. १६९३ सालीं ह्याच पंथांत फूट पडली, आणि ती कशावरून पडली तें ऐकण्यासारखें आहे. मंडळींतून बहिष्कृत केलेल्या मनुष्याबरोबर जेवावें कीं न जेवावें, हा वाद ! याकोब आमान याचें म्हणणें असें कीं, ज्याला प्रभुभोजनाच्या मेजावर जागा नाहीं त्याला घरच्या मेजावरही ती असूं नये. त्यावांचून त्याला आपल्या स्थितीची जाणीव होणार नाहीं. हान्स राईस्ट याचें म्हणणें असें कीं, प्रभु स्वतः जकातदार व पापी यांच्या पंगतीस बसला; मग नको म्हणणारे आपण कोण ? दोघांनींही पवित्र शास्त्राचाच आधार घेतला. समेट झाला नाहीं. आमानच्या मागून जे गेले ते आमिश. पुढें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून त्यांचीं कुटुंबें समुद्र ओलांडून पेन्सिल्व्हेनियांत येऊं लागलीं. युरोपांत मागें राहिलेल्यांची शेवटली मंडळी १९३७ सालीं मेनोनाइट मंडळींत मिळून गेली. सारांश, कोणाबरोबर जेवावें ह्या एका प्रश्नांतून हा समाज जन्मला, आणि तीनशेंहून अधिक वर्षें झालीं तरी त्यांच्या लेखीं तो प्रश्न लहान झालेला नाहीं. त्यांच्या स्वयंपाकाविषयीं लिहिणारे बहुतेक लोक पदार्थांपाशींच थांबतात. आम्हांस वाटतें, पंगत अगोदर पाहिली पाहिजे.

त्यांस देऊळ नाहीं. वीस ते चाळीस कुटुंबांचा एक धर्मग्राम, आणि पंधरवड्यानें एकदां रविवारीं एकेका घरीं पाळीपाळीनें उपासना. बसावयाचीं लांकडी बांकें एका बंद गाडींत भरून ह्या घराहून त्या घरीं नेतात. सुमारें तीन तास उपासना चालते. ती संपतांच पुरुष तींच बांकें लांकडी घोड्यांवर चढवितात, एकाशीं एक जोडतात, आणि मेज तयार होतें. त्यावर पाव, शेंगदाण्यांच्या लोण्यांत गोड पाक घोटून केलेलें लावण, चीज, काकडीचें लोणचें, आंबवलेलें लाल बीट, कॉफी, आणि वाळविलेल्या सफरचंदांच्या फोडींचा ‘पाय’ मांडतात. (नांव ऐकून हंसूं नये. मैद्याच्या पारींत सारण भरून भट्टींत भाजलेला तो एक गोड पदार्थ आहे. त्याचा अर्धचंद्राकृति प्रकार तर आपल्या नाताळच्या करंजीचा थोरला भाऊच शोभेल.) पंगती एकामागून एक बसतात. पहिला मान वृद्धांचा. पुरुष एका मेजावर, स्त्रिया दुसऱ्या.

हें जेवण ठरलेलें आहे. कोणत्याही घरीं गेलें तरी थोड्याफार फरकानें तेंच. यांत मोठें शहाणपण आहे, असें आम्ही समजतों. एका घरीं चार पदार्थ अधिक झाले कीं पुढल्या पाळीच्या गृहिणीची झोंप उडालीच म्हणून समजावें. सणाच्या जेवणांत कोणाकडे कोळंबी किती पडली, याचा हिशेब आमच्या वाड्यांतून ज्यांनीं ऐकला आहे त्यांस हें अधिक सांगावयास नको. आमिश लोकांच्या बोलण्यांत एक जर्मन शब्द महत्त्वाचा आहे, ‘गेलासनहाईट’. आपला हेका सोडून देवाच्या व मंडळीच्या स्वाधीन होणें, असा त्याचा भाव. ठरलेल्या जेवणांत तो भाव रविवारच्या ताटापर्यंत उतरला आहे.

घरच्या जेवणांतही प्रत्येकाची जागा ठरलेली असते. बाप मेजाच्या टोंकास, जवळ आई, आणि मुलें वयाच्या क्रमानें. जेवणापूर्वीं बाप मान लववितो आणि सर्व घर स्तब्ध होतें. प्रार्थना मोठ्यानें म्हणत नाहींत. प्रभूनें शिकविलेली प्रार्थना बहुधा ज्यानें त्यानें मनांतल्या मनांत म्हणावयाची. जेवण झाल्यावर पुन्हां तशीच स्तब्धता, आणि मगच उठावयाचें. ही दुसरी प्रार्थना आपल्यांतून जवळ जवळ गेली आहे. त्या प्रार्थनेंत रोजच्या भाकरीची मागणी आणि अपराधांच्या क्षमेची मागणी अगदीं एकामागून एक येतात, ही गोष्ट आपण लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

आतां पदार्थांकडे वळूं. लँकेस्टर परगण्यांतलें लग्न पाहावें. परंपरेनें तेथें लग्नें शेतीचीं कामें आटोपल्यावर, विशेषतः नोव्हेंबर महिन्यांत, मंगळवारीं किंवा गुरुवारीं होतात. तीनशें-चारशें माणसें वधूच्या घरीं जेवतात, आणि आचारी एकही नाहीं ! नात्यांतलीं व शेजारचीं जोडपीं आचारी म्हणून नेमलेलीं असतात. जोडपीं म्हणतों, केवळ बायका नव्हे. मुख्य पदार्थ ‘रोष्ट’ : भाजलेल्या कोंबडीचें मांस सोडवून तें पावाच्या तुकड्यांत मिसळून पुन्हां भाजतात. जोडीला लोण्यादुधांत घोटलेले बटाटे, रस्सा, कोबीची कोशिंबीर, सफरचंदाचा गर, आणि मलईंत शिजविलेली सेलरी. सेलरी ही कोथिंबिरीच्या कुळांतली जाड देठांची भाजी. ती लग्नांत इतकी लागते, आणि मेजावर फुलांच्या जागीं फुलदाण्यांतूनही इतकी मांडतात, कीं उन्हाळ्यांत कोणाच्या परसांत सेलरीच्या ओळी नेहमींपेक्षां जास्त दिसल्या तर शेजारी काय तें समजतात. लग्नाची बातमी मंडळींत जाहीर होण्याच्या आधींच ती वाफ्यांत उगवलेली असते.

वर्षाचा क्रमही सांगण्यासारखा आहे. तिकडे हिवाळ्यांत जमीन गोठते; म्हणून उन्हाळ्यांत व शरदऋतूंत सर्व घर बरण्या भरण्यास लागतें. शेंगा, मका, टोमॅटो, पीच, सफरचंद, निरनिराळ्या भाज्यांचें ‘चाऊचाऊ’ नांवाचें गोडआंबट लोणचें, इतकेंच काय, मांसदेखील काचेच्या बरण्यांत साठवितात. एका मोठ्या कुटुंबांत अशा कित्येक शें बरण्या तळघरांत ओळीनें लागतात. फळें व आंबट पदार्थ भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यांत ठेविल्या कीं झांकण हवाबंद बसतें. मांस व शेंगा यांस मात्र दाबाचें भांडें लागतें, कारण साध्या उकळीनें न मरणारें एक जंतुबीज त्यांत राहून पुढें प्राणघातक विष होतें. शरदांत अंगणांत चूल पेटवून तांब्याच्या मोठ्या हंड्यांत सफरचंदांचा रस आटवितात, त्यांत फोडी घालतात, आणि लांब दांड्याच्या लांकडी ढवळण्यानें तासन्‌तास हलवून काळपट, दाट मुरंबा करितात. ढवळणें क्षणभर थांबलें तर तो बुडाशीं लागतो. म्हणून म्हातारे, तरुण, मुलें सर्वजण पाळीनें उभे राहतात आणि वर्षभराच्या गोष्टी तेथें होतात. हिवाळ्यांत डुकराचें मांस करण्याचा दिवसही असाच शेजारपाजाऱ्यांचा. कांहीं टाकीत नाहींत. शिजविलेल्या उरल्यासुरल्या मांसांत मक्याचें पीठ घालून त्याच्या वड्या पाडतात व तळून न्याहरीस खातात.

येथें थोडें सांवध करावेंसें वाटतें. ह्या लोकांच्या मेजावर सात गोड व सात आंबट पदार्थ असावेच लागतात, असें प्रवाशांस सांगण्याची तिकडे चाल आहे. विल्यम वॉइज वीव्हर ह्या अभ्यासकानें २०१३ सालच्या आपल्या ग्रंथांत असल्या कथा प्रवाशांच्या बाजारासाठीं रचलेल्या आहेत, हें दाखविलें आहे. काकवीचा प्रसिद्ध ‘शूफ्लाय पाय’ हाही एकट्या आमिश लोकांचा नव्हे. पेन्सिल्व्हेनियांतील सर्वच जर्मन वंशजांचा आहे. शिवाय आज बहुसंख्य आमिश पुरुष शेतकरी राहिले नाहींत. सुतारकामास, कारखान्यांत वा दुकानांत ते डबा घेऊन जातात. त्यांच्या गृहिणी दुकानांतून डबाबंद सारही आणतात. म्हणजे जुनें तेवढें पवित्र, असें त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणतां येणार नाहीं.

विजेचेंही तसेंच. वीज पाप आहे असें ते मानीत नाहींत. १९२० च्या सुमारास लँकेस्टरच्या वडील मंडळींनीं विचार केला कीं बाहेरून घरांत येणारी तार जगाला घराशीं बांधील, म्हणून ती नको. आज पुष्कळ घरांतून गॅसची शेगडी आहे, गॅसवर चालणारें शीतकपाट आहे, आणि कोठें कोठें दाबलेल्या हवेवर फिरणारें पीठ घुसळण्याचें यंत्रही आहे. अधिक कडक मंडळ्यांत लांकडाची चूल व बर्फाची पेटीच चालते. लोक ह्याला ढोंग म्हणून हंसतात. आमचें मत निराळें आहे. एखादी वस्तु घरांत आणण्यापूर्वीं, ती आपल्या पंगतीचें काय करील, असा प्रश्न सर्व मंडळीनें मिळून विचारावा, ही गोष्ट हंसण्यासारखी नाहीं. जेवतांना प्रत्येकाच्या डाव्या हातांत फोन असलेलीं आपलीं घरें आशीर्वाद देण्यास गेलों असतां आम्ही पाहतों.

मृत्यु घडला म्हणजे ही पंगत खरी ओळखूं येते. शेजारी येऊन गोठा, शेत, स्वयंपाक सर्व हातीं घेतात. घरच्यांनीं केवळ शोक करावयाचा. दफनानंतरच्या जेवणांत मनुकांचा ‘पाय’ करण्याची जुनी चाल आहे. मरणाला ऋतु नसतो, आणि मनुका कोणत्याही ऋतूंत घरांत सांपडतात.

२ ऑक्टोबर २००६ रोजीं निकेल माइन्स येथील आमिश शाळेंत एक मनुष्य बंदूक घेऊन शिरला. तो परका नव्हता. आसपासच्या गोठ्यांतून दूध गोळा करून नेणाऱ्या गाडीचा तो चालक होता. त्यानें दहा मुलींवर गोळ्या झाडल्या व स्वतःस मारून घेतलें. पांच मुली मरण पावल्या. त्याच संध्याकाळीं कांहीं आमिश मंडळी त्या मनुष्याच्या विधवेकडे व आईबापांकडे गेली आणि आमच्या मनांत तुमच्याविषयीं राग नाहीं, असें सांगून आली. त्याच्या दफनास जमलेल्या सुमारें पाऊणशें लोकांत निम्म्याहून अधिक आमिश होते. जगभरच्या वर्तमानपत्रांनीं आश्चर्य केलें. पण ज्या घरांतून डिर्क विलेम्स याची कथा मुलांस ऐकवितात त्या घरांस तें नवें नव्हतें. १५६९ सालीं हॉलंडांत पळून जाणाऱ्या ह्या पुनर्बाप्तिस्मावाद्याचा पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यांत पडला. डिर्कनें मागें फिरून त्याला वर काढिलें, आणि म्हणूनच तो पकडला जाऊन जाळला गेला. जाळणारे आपले होते. भाकरी आणि क्षमा एकाच प्रार्थनेंत, दिवसांतून अनेक वेळां, भरल्या मेजावर मान लववून मागावयाची संवय ज्यांस लहानपणापासून लागली, त्यांना त्या संध्याकाळीं काय करावें हें शोधीत बसावें लागलें नाहीं. शोक मात्र त्यांनीं इतर आईबापांसारखाच केला. क्षमा म्हणजे विसरणें, असा आरोप त्यांच्यावर कोणीं करूं नये.

इतकें बोलून त्यांच्या पंगतीची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर आम्ही अर्धें सत्य सांगितलें असें होईल. बाप्तिस्मा घेऊन मग मंडळी सोडणाऱ्यास किंवा पश्चात्ताप न करणाऱ्यास अजूनही बहिष्कार आहे. असा मुलगा घरीं आला तर त्याला जेवावयास घालतात, पण निराळ्या मेजावर. त्याच खोलींत, आईच्याच हातचें, आणि तरीही निराळें. त्यानें मंडळीपुढें गुडघे टेकून कबुली दिली कीं जागा पुन्हां मिळते. शिस्तीवांचून मंडळी टिकत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ह्या एका बाबतींत आमचें मन हान्स राईस्ट याच्याकडे झुकतें. दुसरें, हा सर्व स्वयंपाक कोणाच्या पाठीवर उभा आहे ? सात-आठ मुलांच्या आईच्या. लग्नांत पुरुष बटाटे घोटतात. रोजच्या स्वयंपाकाला किती हात लावतात, तें ज्यानें त्यानें आपल्या घरावरून ओळखावें.

परंतु त्यांची एक रीत आम्हांस फार विचार करावयास लावते. प्रभुभोजन त्यांच्यांत वर्षांतून दोनच वेळां, वसंतांत व शरदांत, होतें. लँकेस्टरकडे शरदांतल्या प्रभुभोजनापूर्वीं ११ ऑक्टोबर रोजीं, सेंट मायकेलच्या जुन्या सणाच्या दिवशीं, उपवास करितात. आपल्याकडून नेलेली ही एक तिथि त्यांनीं सांभाळून ठेविली आहे. त्या आधीं सर्व मंडळी एकत्र बसते आणि प्रत्येकास विचारलें जातें कीं तुझा कोणाशीं कांहीं तंटा आहे काय. मंडळींत शांति नसेल तर प्रभुभोजन पुढें ढकलतात. घरची भाकरी भाजली असली, द्राक्षारस तयार असला, तरीही !

आपल्या धर्मग्रामांत बांधाच्या वादावरून एकमेकांच्या घरचें पाणी न पिणारीं भावाभावांचीं घरें किती आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. कुमसारांत ऐकलेलें नव्हे, तें आमच्याबरोबर थडग्यांत जाईल, चव्हाट्यावर ऐकलेलें. त्यांतलीं दोन घरें तर वेदीपासून शंभर पावलांवर आहेत. कंत्राटदाराच्या जेवणांत ह्या दोन घरांना एकमेकांकडे न पाहतां जेवून जातां येईल. ताट हातांत घ्यावें, एक इकडल्या कोपऱ्यांत उभा, दुसरा तिकडल्या. आपण रांधलें तर तसें जमणार नाहीं. कोणाला तरी कोणाकडून मीठ मागावेंच लागेल.

म्हणून आमची समितीस विनंती अशी : जेवण आपणच करावें आणि पंगतीनेंच वाढावें. पदार्थ तीनच, भात, एक रस्सा, एक गोड. त्यांत वाडीवाडीची चढाओढ नको. पहिली पंगत सत्तरीच्या पुढल्यांची. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांचें ताट पहिल्या पंगतीबरोबरच घरीं पोंचवावें. समितीनें आपला निर्णय येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर द्यावा. तोंपर्यंत नांवनोंदणीची वही सॅक्रिस्टीच्या दाराशीं ठेविली आहे. नांव जोडप्यानें द्यावयाचें आहे. एकट्या बायकोचें नांव लिहून नवरा मोकळा झालेला दिसला तर आम्ही तें खोडूं. कांदे सोलण्यास पहांटे चार वाजतां मंडपांत यावें, विळे व पाट ज्यांनीं त्यांनीं आणावे.